नलूची याडी

दिग्रस,
१९ जानेवारी १९६३

प्रिय विमल,

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं आणि आज शनिवार उजाडला. रागावू नकोस. रोज दवाखान्यातून आल्यावर कागद पुढे घेत होते आणि शैलाच्या दातांबद्दल चार ओळी लिहून फाडून टाकत होते. तुझी रजा संपत आली, पुढच्या महिन्यात शाळेत हजर व्हायचं आणि आठ महिन्यांची पोर कुणाजवळ ठेवायची, हा घोर तुला लागला आहे. बालवाडीत घालावी, गल्लीतल्या पोरं सांभाळणाऱ्या म्हातारीकडे सोडावी, की घरीच एखादी बाई लावावी? ‘तू नर्स आहेस, शिवाय तुझी नलू या तिन्हींतून गेली, तेव्हा तूच सांग,’ असं तू लिहिलंस. नलू तिन्हींतून गेली हे खरं. तिच्यामागून मीही गेले, आणि माझं ते जाणं मी आज सकाळपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सासूबाई दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे होत्या. त्या गावी परतल्या तेव्हा नलू तुझ्या शैलाएवढीच होती. दवाखान्यात बाळंतपणं करणारी मी एकटी, आणि सदाशिवराव सकाळी शाळेत गेले की दिवेलागणीला येणार. इथे सरकी काढतात त्या जिनाच्या मागे गंगी नावाची म्हातारी राहते. कापसाचा हंगाम लागला की जिनात कामाला जाणाऱ्या बाया आपली लेकरं तिच्या ओसरीवर सोडून जातात. मीही नलूला सोडली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी जरा फुरसत काढून बघायला गेले. नऊ लेकरं होती. त्यातली चार अशी गाढ पडली होती, की ओठांवर माशा बसल्या तरी हलत नव्हती. मी एकाची पापणी वर करून पाहिली. डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झालेली. अफू. गंगीनं लपवलंसुद्धा नाही. म्हणाली, “बाई, लेकरं नऊ अन् माये हात दोन. त्यायच्या मायाच गोळी देऊन आणतात, मी कायले देऊ?” नलू कोपऱ्यात सरकी चघळत बसली होती. तिला तशीच उचलून घरी आणली. म्हणून म्हातारीबद्दल माझा सल्ला एवढाच, की तिच्याकडे सकाळी जाऊन चौकशी करू नकोस. दुपारी जा, न सांगता.

त्याच आठवड्यात सुखीबाई भेटली. ती जवळच्या तांड्यावरून आपल्या सुनेला बाळंतपणासाठी घेऊन आली होती. माझी नलू तेव्हा औषधांच्या खोलीत एका रिकाम्या खोक्यात गोधडीवर बसलेली असायची. सुनेच्या कळा वाढलेल्या, माझे हात अडकलेले आणि तिकडे नलूनं आकांत मांडलेला. सुखीबाईनं कुणालाही न विचारता तिला उचललं. तिच्या फेटियावर, म्हणजे बंजारा बाया नेसतात त्या घागऱ्यावर, आरशाच्या टिकल्या होत्या. नलूनं त्या मुठीत धरल्या आणि गप्प झाली. सुनेला मुलगा झाला. चार दिवसांनी मी सुखीबाईला विचारलं, माझ्या लेकीला सांभाळशील का? म्हणाली, “सकाळी येईन, दिवस बुडाच्या आत जाईन. घरी माहा माणूसही हाय, त्याले कोन पाहीन?” अशी ती दीड वर्षं आली. एक खाडा नाही.

विमल, ती वाईट असती तर मला किती बरं वाटलं असतं! मी घरी यायचे तेव्हा नलू न्हाऊन, जेवून, काजळ घालून बसलेली. माझ्या हातून दोन घास जात नसत. सुखीबाईच्या हातची दुधात कुस्करलेली भाकरी वाटीभर जायची. ती नलूशी त्यांच्या गोरबोलीत बोलायची, त्यामुळे नलू भाकरीला ‘बाटी’ म्हणायला शिकली. आणि सुखीबाईला ती ‘याडी’ म्हणू लागली. याडी म्हणजे आई. सुखीबाईनं तिला ते शिकवलं नव्हतं. तांड्यावरची नातवंडं कधी बरोबर यायची, त्यांचं ऐकून ती म्हणायची. मला काय म्हणायची माहीत आहे? ‘बाई’. दवाखान्यातल्या साऱ्या बाया मला तेच म्हणतात ना! सदाशिवराव पोट धरून हसले. मीही हसले, आणि मोरीत जाऊन हंडा इतका घासला की बोटं सोलली.

नलूनं पहिलं पाऊल टाकलं ते माझ्यासमोर. मी उंबऱ्यात चप्पल काढत होते आणि ती भिंत सोडून तीन पावलं माझ्याकडे आली. सुखीबाईनं टाळ्या वाजवल्या. “पाह्य बाई, तुयासाठी थांबून व्हती!” म्हणाली. मी तो आठवडा हवेत होते. मग शेजारची बिजलीबाई सहज बोलून गेली, की पोर तर चार दिवस आधीपासून अंगणभर चालत होती. सुखीबाईनं तिला बजावलं होतं, आईला सांगू नका, तिला पहिल्यांदा पाहू द्या. हे कळल्यावर एखाद्या शहाण्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच लेकीचं पहिलं पाऊल ही बाई मला आपल्या पदरचं काढून देत होती! त्या दिवसापासून मी तिच्या चुका शोधू लागले. केसात फणी नीट फिरली नाही, दूध जास्त तापवलं, काजळ ओघळलं. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ते सुधारायची. त्याचाही मला राग येई.

गेल्या मे महिन्यात नलूला खोकला आणि ताप आला. मी तिला दवाखान्यात नेलं, सुखीबाई बरोबर होती. डॉक्टरसाहेबांनी छाती तपासायला घेतलं तशी नलू घाबरली आणि ‘याडी, याडी’ करत तिनं हात पसरले. मी तिला कडेवर घेतलेलं होतं, विमल. माझ्या कडेवरून ती दुसरीकडे झेपावत होती. बाकावरच्या बाया बघत होत्या. एक म्हणाली, “पोरीले आजीचा लळा दिसते,” आणि दुसरी म्हणाली, “आजी नोहे, कामवाली हाय.” नलू सुखीबाईकडे गेली आणि तिच्या गळ्यात तोंड खुपसून शांत झाली. मी पांढऱ्या साडीत, टोपी घालून, रिकाम्या हातांनी उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोकल्याचं औषध पाजून मी कामावर गेले. त्या औषधानं गुंगी येते हे मला ठाऊक होतं. मीच चमचा भरून दिलं होतं. दुपारी आले तेव्हा नलू सुखीबाईच्या मांडीवर झोपली होती. हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटले. ओसरीत बिजलीबाई आणि आणखी दोघी पापड वाळत घालत होत्या. मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “काय चाटवलंस हिला? अफू दिलीस ना?”

मी नलूच्या पापण्या वर करून बाहुल्या पाहिल्या होत्या. त्या अगदी ठीक होत्या. ते पाहूनही मी ते वाक्य दुसऱ्यांदा बोलले.

सुखीबाई रडली नाही, शपथा घेतल्या नाहीत. नलूला हळूच गोधडीवर निजवलं, फेटिया झटकला आणि म्हणाली, “बाई, पोर तुयीच हाय. जाय म्हटलं असतं तं मी गेली असती. हे काहून बोल्ली?” मग आपला डबा घेऊन ती तांड्याच्या वाटेला लागली. मी दार लावून घेतलं.

सदाशिवरावांनी दोनदा विचारलं, नक्की का? मी म्हटलं, मी नर्स आहे. एवढंच पुरलं. बिजलीबाईच्या तोंडून ते पाण्याच्या विहिरीवर गेलं, तिथून बाजारात. दिग्रसमध्ये मग सुखीबाईला कुणी उंबऱ्यात उभं केलं नाही. आणि तेव्हापासून त्यांच्या तांड्यावरची एकही बाई बाळंतपणाला माझ्याकडे आलेली नाही. पावसाळ्यात त्यांच्यातली एक घरीच अडली आणि बाळ गेलं, हे मला आठ दिवसांनी कळलं.

मी नलूला महिला मंडळाच्या बालवाडीत घातलं. तिथे अडीच वर्षांच्या पुढची मुलं घेतात, तेव्हा शैलाला अजून अवकाश आहे. ती दोन महिने कमी होती, ते मी वाढवून सांगितले. बालवाडी चांगली आहे. गाणी आहेत, मातीची चित्रं करतात, दुपारी दूध देतात. पहिले तीन आठवडे नलू रस्त्यात आरशांचा फेटिया दिसला की माझा हात सोडवून धावायची आणि त्या बाईचं तोंड पाहून परत यायची. मग विसरली. मला हेच हवं होतं ना? पण ती माझ्याकडे आली नाही गं. आता तिला बालवाडीच्या मानीबाई लागतात. त्या सैनिकांसाठी स्वेटर विणत बसतात आणि नलू त्यांच्या लोकरीचा गुंडा धरून बसते, मी न्यायला गेले तर उठत नाही. परवा मला मानीबाईंच्या विणकामातही खोड दिसू लागली, आणि तिथेच मी चपापले. म्हणजे सुखीबाईत काही नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं, आणि जी जी बाई माझ्या लेकीला प्रेमानं जवळ घेईल तिच्यावर ते धावून जाणार होतं.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस, की आपल्या लेकीच्या आसऱ्यानं तुमच्या महागावजवळच्या तांड्यावर येऊन राहिलेली एक सुखीबाई कामासाठी दारात आली होती, शैला तिच्याकडे पटकन गेली, पण दिग्रसला अफूवरून तिला काढलं होतं असं तुझ्या बबनरावांच्या कानावर आलं; खरं काय ते कळव. खरं हे, की तिनं अफू दिली नव्हती. मी खोटं बोलले आणि ते खोटं आहे हे बोलताना मला माहीत होतं. तिला ठेव. हे पत्र बबनरावांना वाचायला दे आणि सुखीबाईला वाचून दाखव, एक ओळही न गाळता. आज सकाळी सदाशिवरावांना सांगितलं. ते भरल्या ताटावरून उठून गेले. उद्या पाण्याच्या वेळेला विहिरीवर बिजलीबाईसमोर आणि साऱ्यांसमोर सांगेन, परवा डॉक्टरसाहेबांना. मग माझ्या शब्दावर इथे कोण विश्वास ठेवील, माहीत नाही. ती क्षमा करील अशी आशा मी धरलेली नाही, आणि तू तिला तसं विचारूही नकोस. फक्त हे कबूल करते, की एवढं सगळं लिहून झाल्यावरही, सुखीबाई पुढच्या महिन्यापासून शैलाला कडेवर घेऊन फिरेल या कल्पनेनं मला तुझा हेवा वाटतो आहे.

तुझीच, जशी आहे तशी,
भागीरथा