कोपऱ्यातलं काळं

अण्णा, तुमच्या फोटोच्या दुकानात अंधारी खोली होती तिथं आता कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यासमोर तुमची नात बसते. माझी ही एकच पोर. या दिवाळीला तिनं मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम म्हणतात तो कॅमेरा आणला. लेन्स मात्र जुन्याच, लहान सेन्सरच्या. त्या बसतात, पण पुरत नाहीत. लहान लेन्स आत प्रकाशाचं लहानसं वर्तुळ पाडते आणि मोठ्या सेन्सरचे कोपरे त्या वर्तुळाबाहेर अंधारात राहतात, आखूड वाकळेतून पाय उघडे पडावेत तसे. हे मी कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तकातून वाचून काढलं. मला इंग्रजीला वेळ लागतो, पण हातात आलेलं मी शेवटपर्यंत वाचते, ही सवय तुमचीच. त्यात उपायही दिला आहे: कॅमेऱ्याला फक्त मधला तुकडा घ्यायला सांगायचं. मग काळं दिसतच नाही. फोटो पुरा वाटतो आणि कडेचं काय गेलं ते कुणाला कळत नाही. ते वाक्य वाचलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळाबाहेर, एका घरचं जावळ होतं. कॅमेऱ्याला मी उजवा डोळा लावते. मधे बाळ, मागे आत्या, मामा, सगळं गणगोत स्वच्छ दिसत होतं. दुकानात आल्यावर पोरगी ओरडली.

"आई, चारी कोपरे काळेकुट्ट! कॅमेऱ्यात बघताना दिसलं न्हाई का तुला?"

"न्हाई गं. असतं तर दिसलं असतं."

"असतं तर? हे घे, लाव डोळा. पाइपातून बघितल्यावानी दिसायलंय."

मी डोळा लावला. "मला तर स्वच्छ दिसायलंय."

"काय बाई! चष्मा पूस आधी," म्हणून ती हसत चहा आणायला गेली.

ती गेल्यावर मी डावा डोळा लावला. चारी कोपऱ्यांत काजळी होती. पुन्हा उजवा लावला, तर कोपरे नव्हते. काळे नाहीत, पांढरे नाहीत, नव्हतेच. बाहेर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत चालला होता आणि मी एकदा हा डोळा, एकदा तो, असं करत बसले होते.

मग मला तुमची शेवटची दोन-तीन वर्षं आठवली. तुम्ही मला शिकवलं होतं, आधी काठ बघ, मधला माणूस कुठं जात नाही. आणि तुमच्याच फोटोंतून काठची माणसं जायला लागली. एका लग्नात नवरीचा मामा अर्धा कापला गेला, तर तो दुकानात येऊन म्हणतो, "अण्णा, मला काय भिंतीत चिणलं का काय?" सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "कॅमेरा म्हातारा झालाय." घरी तुमच्या पायानं पाण्याचा तांब्या लवंडायचा आणि मी चिडायची, "अण्णा, बघून चालत जावा की!" त्याच साली एका मांडवात तुम्ही कॅमेऱ्याला डावा डोळा लावलेला मी पाहिला. मला वाटलं, उजव्यात धूळ गेली असंल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले होते, कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही म्हणालात, "आता तू काढ. तुझ्यासमोर बायका मोकळ्या हसतात." त्या शब्दांवर मी इतकी वर्षं उभी आहे. आता मला कळत नाही, ते माझ्यासाठी होतं, का तुमचा डावाही गेला होता. दोन्ही असेल. विचारायला तुम्ही नाही आहात.

काचबिंदूबद्दल मी वाचलं आहे. दुखत नाही, कडेकडेनं खातो, गेलेलं परत देत नाही. लवकर गेलं तर थेंबांनी उरलेलं राखता येतं. आणि रक्तातून उतरतो.

पोरगी चहा घेऊन आली तेव्हा मी कॅमेरा तिच्या हातात दिला. म्हटलं, उजवा डोळा लाव आणि नीट सांग. मग डावा.

"दोन्हीनं काळेच हायत की कोपरे. चारी. कितीदा बघायचं?"

तिला चारही काळे दिसले, अण्णा. अजून तरी तो तिच्यापर्यंत उतरलेला नाही. तिनं विचारलं, "मग दोष कशात हाय?" मी म्हणाले, "लेन्स लहान हाय, दुसरं काय."

परभणीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आहे. सोबत तिला न्यावं लागेल, म्हणजे आधी सांगावं लागेल. अजून सांगितलं नाही. उद्या देवगाव फाट्याला लग्न आहे. मी डावा डोळा लावणार आहे.