उष्टे शॉट

३ मार्च
"तू टाकतेस फार, पडतं कमी." अठ्ठावीस वर्षं झाली या वाक्याला. कॉलेजच्या मैदानावर सर एवढंच बोलले आणि बास्केटबॉलच्या संघातून माझं नाव गेलं. ताई कप्तान होती. शेजारीच उभी होती, बुटाची नाडी बांधत. फार वेळ बांधत होती.

आज आठवायचं कारण – क्लबात सगळ्यांना लागलेलं वेड. परदेशातली एक खेळाडू. सामन्याला एकोणीस गुण! क्लबाचे मालक, आमचे साहेब, फोन घेऊन टेबलाटेबलावर फिरतायत, नवा नातू दाखवावा तसे. आमचे प्रशिक्षक (मागून सगळे त्यांना 'शिट्टी' म्हणतात) म्हणाले, "अहो मॅडम, हात बघा हिचा हात!"

हात बघून भविष्य सांगतात. लीगमध्ये खेळाडू घेत नाहीत. एकोणीस गुण काढायला किती शॉट लागले, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. आकडे मांडून ते विचारायलाच मला ठेवलंय म्हणा.

५ मार्च
चौदा सामने, दोनशे चौऱ्याण्णव शॉट, दोनशे सहासष्ट गुण. म्हणजे शंभर शॉटमागे नव्वद! आमच्या लीगमध्ये एकशे पाचच्या खाली कुणी आली तर तिला बाकावर बसवतात. ही तिथली राणी. वासरांत लंगडी गाय, दुसरं काय.

तिच्या शॉटचे व्हिडिओतून कापलेले तुकडे पाहिले. कुठूनही टाकते. तिरकी, तोल गेलेली, अंगावर दोघी चढलेल्या – तरी टाकतेच! हाव म्हणायची की खाज?

६ मार्च
शिट्टी: "आकड्यांना खेळ कळत नाही, मॅडम." तुम्हाला आकडेही कळत नाहीत आणि खेळही. असं मी म्हणाले नाही. चहा प्यायले.

८ मार्च
अहवाल दिला. 'घेऊ नये.' आणि खाली, का कोण जाणे, सरांचं वाक्य लिहिलं – 'टाकते फार, पडतं कमी.' साहेब खो खो हसले. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. "मॅडम, एका ओळीत निकाल!" येणारा-जाणारा वाचून हसतोय. मीही हसले. खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

आता शिट्टींच्या पसंतीची दुसरी मुलगी घेणार. करारावर सही चौदाला, सकाळी अकरा.

१० मार्च
साहेबांनी अहवाल जसाच्या तसा त्या एकोणीस गुणवालीच्या एजंटला धाडला! त्या वाक्यासकट. एजंटबाईंचा मला फोन. "ती विचारतेय, तुम्ही सामने पूर्ण पाहिलेत का?" हरलेली नेहमी पंचाच्या चष्म्याचा नंबर विचारते. तसंच म्हणणार होते, तोवर बाई हळूच म्हणाल्या, "एकोणतिसावं चालू आहे हो तिला. या वर्षी नाही, तर पुढे कोण घेणार?"

पूर्ण सामने! बघतेच. बघून तोंडावर मारते.

११ मार्च
संत्रं सोलत एक सामना सुरुवातीपासून लावला. सोलायचं राहून गेलं.

बॉल आला की चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा, नाहीतर बॉल दुसऱ्या संघाला. तिच्या संघातल्या बाकीच्या चौघी बॉल घोळवतात, आपटतात, एकमेकींना देतात, जमेना की पुन्हा घोळवतात. बावीस सेकंद झाले की हिच्याकडे भिरकावतात. घे! आणि ही टाकते. न टाकून करेल काय? चुकला की तिच्या नावावर. त्या चौघींचे आकडे कसे, धुतल्या तांदळासारखे!

उष्टे शॉट. दुसऱ्यांनी चिवडून टाकलेले.

मला हे दिसलं कसं नाही? कारण तुकडे कापायचा नियम माझा. आठ वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं – खेळाडूच्या हातात बॉल आल्यापासून कापा, आधीचं काय करायचंय, वेळ जातो. आधीचे बावीस सेकंद माझ्याच कात्रीने गेले. वर शिट्टींना हसते! काय पण अक्कल.

१२ मार्च
चौदाही सामने पाहिले. डोळ्यांची चाळण. शेवटच्या दोन सेकंदांत गळ्यात पडलेले शॉट एकशे तीन, त्यांतून गुण पंचेचाळीस. ते बाजूला काढले की उरतात एकशे एक्क्याण्णव शॉट आणि दोनशे एकवीस गुण. शंभराला एकशे पंधराच्या वर.

आमच्या संघात एवढे कुणाचेच नाहीत.

साहेबांकडे गेले. "मॅडम, आता कुठे? शिट्टींच्या पसंतीची मुलगी विमानात बसली." मग फळ्याकडे बघून, "आणि वाक्य तुमचंच आहे."

माझं नाही, मी म्हणाले. त्यांना वाटलं गंमत करतेय.

१३ मार्च
ताईला फोन केला.
"ताई, कॉलेजात तू मला बॉल नेहमी शेवटी का द्यायचीस?"
"काय गं हे सकाळी सकाळी? गॅसवर दूध आहे माझं."
"सांग ना."
"अगं, वेळ संपत आली की सगळ्या तोंडं फिरवायच्या. हात पुढे करणारी तू एकटी. मग देऊ कुणाला?"
"मग सरांना का नाही सांगितलंस?"
दूध उतू गेल्याचा आवाज आला. ती उठली नाही.
"माझं कप्तानपद गेलं असतं ना गं."

फोन तिने ठेवला नाही. मीही नाही. उतू गेलेल्या दुधाचा वास इथवर येतोय असं वाटलं.

१४ मार्च
नऊ वाजलेत. सही अकराला. साहेब नाही म्हणणार, कसे म्हणणार तेही मला पाठ आहे. तरी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवते –

'सही दहा दिवस थांबवा. तिला चाचणीला बोलवा. आणि ती यायच्या आधी फळ्यावरचं वाक्य मला माझ्या हाताने पुसू द्या.'