नाकारलेली बरोबरी

प्रिय राजनंदिनी,

रविवारी आपला बुद्धिबळाचा डाव संपला आणि मी मोबाइल हातात धरून नुसता बसून राहिलो. शेजारचे आप्पासाहेब मंडईतले पेरू द्यायला आले होते. "हरलात?" मी नाही म्हणून मान हलवली. "जिंकलात?" पुन्हा नाही. "मग खेळता कशाला?" असं म्हणून पेरू ठेवून ते निघून गेले.

तुझं बोट घसरलं हे मला लगेच कळलं. वजीर असा माझ्या घोड्याच्या तोंडी तू कधी देणार नाहीस. तिकडे हैदराबादला आठवडाभर ऑफिसात राबून लेक खेळायला बसलीय, असं वाटून मी बरोबरीचं बटण दाबलं. तू नाकारलंस. चुकून झालं असेल, म्हणून मी पुन्हा दाबलं, तर तुझा फोनच आला. "बाबा, एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? वजीर गेलाय, डाव नाही. खेळा गुपचूप." आणि फोन बंद.

मग जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एकेक मोहरं गमावत तुझा राजा कोपऱ्यात गेला, प्यादी माझ्या प्याद्यांना भिडून अडकली, उरला एक हत्ती. आता संपलं म्हणतोय, तोच तो हत्ती तू थेट माझ्या राजापुढे आणून शह दिलास. राजा सरकवला तर त्याच्यामागचा माझा वजीर जाणार. हत्ती मारला तर तुला शह नाही, पण हलायला एक घरही नाही; म्हणजे बरोबरी. मी दहादा तपासलं. अंगावर काटा आला गं. जे मी दयेनं देत होतो, ते तू माझ्या हातातून खेळून काढून घेतलंस.

तुला एक सांगितलं नव्हतं. घशाच्या ऑपरेशननंतर नव्यानं बोलायला शिकवणाऱ्या दीपालीबाईंकडे जाणं मी कधीच सोडलं होतं. तो घोगरा आवाज मलाच ऐकवेना. खाणाखुणा आणि मेसेजवर निभतंय की, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. सोमवारी पुन्हा गेलो. रोज जातोय. म्हणून हे पत्र. एखाद्या दिवशी माझ्या नंबरवरून कुणी परक्या, खरखरीत आवाजात तुला हाक मारली, तर घाबरून फोन ठेवू नकोस. तो मीच असेन.

तुझाच,
बाबा