बिरोबासमोर ढोल

आबा, यंदाच्या जत्रेत मी ढोल गळ्यात घेतला. बिरोबाच्या देवळासमोर, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. तुम्ही असता तर हिसकावून घेतला असता, मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही.

तुम्ही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोरेगावकडं जायचात आणि पावसाळ्याच्या तोंडाला आटपाडीच्या माळावर परत यायचात. तुम्ही आलात की आपलं स्वयंपाकघर दणाणायचं. आई भाकरी थापतेय, धूर डोळ्यांत जातोय, आणि तुम्ही तेलाचा रिकामा डबा पालथा घालून मला आपल्या धनगरी गजी नाचाचा ठेका शिकवताय. "मनगट सैल सोड. हात मारायचा न्हाई, पडू द्यायचा." आई करवादायची, "आवं, पोरीचा हात जरा भाकरीला लागू द्या की." तुम्ही हसून म्हणायचात, "हिच्या हातात हाय ते माझ्या भावांच्या हातात न्हाई." त्या एका वाक्यावर माझं बाळपण फुगलं होतं. म्हणून तर लहानपणी एका जत्रेत, देवळासमोरच्या कडुलिंबाला टेकवलेला तुमचा ढोल मी बिनधास्त उचलला. तुम्ही धावत आलात. गजी नाचणारी माणसं रुमाल हातात तसेच धरून थांबली. तुम्ही पट्टा माझ्या मानेवरून असा ओढलात की कातडं सोललं. "बाईमाणसानं देवाम्होरं ढोल घ्यायचा न्हाई. काय वाजवायचं ते चुलीपाशी वाजीव." चुलीपाशी देव नव्हता का, आबा? की तिथं तो बहिरा होता?

लग्न होऊन सांगलीला आले, तुम्ही गेलात, आणि ठेका काही जाईना. माझी लेक रांगायची तेव्हापासून मी तिला मांडीवर घेऊन गादीवर तो वाजवून दाखवत आले. आता ती कॉलेजात जाते. यंदा तीच म्हणाली, "आई, आजोबांचा ढोल काकाआजोबांकडं आहे ना? मग आपण जत्रेला नुसतं बघायला का जायचं?" म्हणून आम्ही गेलो.

गावात ढोल वाजवणारी पोरं पुण्याला कामाला गेलेली. ट्रॅक्टरवर डीजे आणलेला, आणि गजी नाचणारे चार म्हातारे कडेला गप्प उभे. मी ढोल मागितला तर तुमचा धाकटा भाऊ आडवा आला. "तुझ्या बापानं हे चालू दिलं नसतं."

"दिलं नसतं," मी म्हणाले. "पण शिकवलं त्यांनीच. तात्या, तुमाला येतंय का? येत असंल तर घ्या, वाजवा. न्हाईतर सरका."

तात्या सरकले. कुणीतरी जाऊन डीजे बंद करायला लावला. तुमचा ढोल माझ्या गळ्यात, पुण्याला गेलेल्या एका पोराचा लेकीच्या. म्हाताऱ्यांनी रुमाल काढले. देव कोपला नाही, आबा. पहिल्या फेरीतच सबंध माळ पायाखाली हलायला लागला. पुढच्या वर्षीही आम्ही येणार, आणि गावातल्या दोन पोरींनी आत्ताच लेकीला विचारून ठेवलंय. त्यांनाही शिकवणार. कुणाला विचारणार नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, त्यामुळं एक गोष्ट लिहून टाकते. तिसऱ्या फेरीला चाल बदलते ना, तिथं माझा हात चुकला. लेकीनं सांभाळून घेतलं. गावात कुणालाच कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.