डावीकडे वळताना

दिनांक ४ मार्च, सकाळ

चि. ढब्बूस,

तुझ्या आईचे भरभरून आशीर्वाद. आम्ही तिघी मजेत आहोत. तूही जहाजावर वेळेवर जेवत असशील. फोनवर तू "हो आई, बरं आई, ठेवतो आई" यापलीकडे मला जाऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. मी सांगते आहे आणि तुझी बायको लिहिते आहे. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला सगळ्यांचीच सारखी दिसतात.

बातमी मोठी आहे. तुझ्या गाडीची तपासणी झाली. जाताना बजावलं होतंस ना, की मार्चअखेर वॉरंटी संपते, त्याआधी सगळं दाखवून घ्या, आणि मग गाडी माझ्या त्या टकल्या मित्राला विकून टाका, घरात चालवणारं आहे कोण. तर त्यातलं पहिलं काम चोख झालं. दुसऱ्याचं पुढे बोलू.

अरे, कंपनीचं ते गॅरेज म्हणजे काय जागा आहे! फरशी इतकी लख्ख की मी दारातच चपला काढल्या. खिशाला चार पेनं लावलेला एक जण धावत आला, "आजी, घाला, घाला." मग त्यांनी गाडी लोखंडी हातांवर उचलून पार माझ्या डोक्याच्या वर नेली. मी तिच्याखाली जाऊन उभी राहिले. तिच्यात बसून इतकी हिंडले, पण तिचं पोट कधी पाहिलं नव्हतं. सून मला मागे ओढतेय आणि मी मेकॅनिकला विचारतेय, हे काय, ते काय, हे ओलं का दिसतंय. त्याने ब्रेक पाहिले, पट्टे पाहिले, बॅटरीला चिमटे लावून पाहिले, दिवे लावून पाहिले. मी म्हटलं, काचा खालीवर करून बघ, गार हवा येते का बघ, वॉरंटीत जे जे बसतं ते काही सोडू नकोस. आपला डॉक्टर मला जीभ दाखवायला लावून वाटेला लावतो. गाडीला यांनी अख्खी सकाळ दिली. मला तर हेवाच वाटला.

मग चार पेनवाल्याने विचारलं, "काही तक्रार?" सून म्हणाली, "काही नाही." मी म्हटलं, "आहे की. डावीकडे वळताना कटकट वाजते." तो कागद चाळून म्हणाला, "पण आजी, गाडी घरी उभीच असते, असं तुमच्या मुलाने कळवलंय."

आता उभी गाडी डावीकडे वळते कशी, हे तूही

इथून अक्षर बदललं असेल. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. तुझ्या बायकोने "आई, हे नको" म्हणून पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन ती कपड्यांच्या घड्या घालते आहे. घातलेल्याच घड्या मोडून परत. आता तुझी लेक लिहिते आहे. चुका झाल्या तर तिच्या शाळेला बोल.

तर ऐक. आठवड्यातून एकदा गाडी चालू करून बंद करा, असं तूच सांगितलं होतंस. तेच केलं. पण ती नुसती घुरघुरत उभी राहिलेली बघवेना. मी म्हटलं, "अगं, जरा पुढे घे, तिचे पाय मोकळे होतील." ही म्हणाली, "आई, ते नको म्हणाले होते." म्हटलं, "तो समुद्रात आहे." मग जरा पुढे, जरा मागे. मग फाटकापर्यंत. मग फाटकाबाहेर, आणि तिथून उलटी घेता येईना म्हणून चौकाला वळसा घालून आलो. तो वळसा आम्हाला दोघींना फार आवडला. दुसऱ्या दिवशी तिने शिकवणी लावली. परवान्यावरच्या फोटोत ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते, पण परवाना खरा आहे.

तुला का सांगितलं नाही? तू तिला एकदा स्टिअरिंगवर बसवलं होतंस, तिने फाटकाच्या खांबाला गाडी घासली, आणि मग जो पाहुणा येईल त्याला तू ती गोष्ट हसून हसून सांगितलीस. तीही हसायची. पाहुणे गेल्यावर हसायची नाही. हे मी हळू आवाजात सांगते आहे, लेकीलाही हळूच लिहायला सांगितलंय.

आणि ती नुसती फिरत नाही. दवाखान्याने तिला परत कामावर घेतलंय. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही त्यांच्या घरी जाऊन पट्ट्या बदलायच्या, सुया द्यायच्या. अट एकच, गाडी हाताशी हवी. टकल्याने गाडी नेली की हे कामही गेलं. त्या घड्या कशासाठी चालल्यात, कळलं?

तर मेकॅनिकने आवारात फेरी मारली. आवाज नाही. म्हणाला, "मला ऐकू आल्याशिवाय कंपनी पार्ट देत नाही. रोज कोण चालवतं?" सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली.

आवाज यायचा तो आपल्या गल्लीच्या चढावर, म्हणून गाडी तिथे नेली; तो चढ तुला ठाऊक आहे. मेकॅनिक तिच्या शेजारी, मी मागे, समोरून पाण्याचा टँकर. "वळवू?" "वळवा, ताई." चाक पूर्ण डावीकडे, पाय दाबलेला, आणि कट कट कट कट. मी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "परत." तिने परत वळवली. पुढच्या चाकाच्या सांध्यातच मुळात खोट होती म्हणे. उभी ठेवली असती तर वॉरंटी संपून गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. सांधा नवाकोरा बसवून दिला. उतरताना तो म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा." घरी आल्यावर ती लेकीला तेच पुन्हा पुन्हा सांगत होती.

रविवारी टकल्या गाडी बघायला आला होता. मी म्हटलं, "गाडी कामावर गेलीय." तो म्हणाला, "गाडी?" त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

विकायच्या कागदावर तुझी सही लागते म्हणे. करायची की नाही ते तू ठरव, गाडी तुझी आहे. पण उत्तर मला लिहू नकोस. ते तिलाच मला वाचून दाखवावं लागतं, आणि "तिलाही सांग" एवढंच तिच्या वाट्याला आलेलं वाचताना तिचा आवाज कसा होतो, ते मी ऐकत आलेय. या वेळी पाकिटावर तिचं नाव घाल. आतल्या खोलीत नेऊन तिने एकटीने वाचावं, असं काहीतरी लिही. मला वाचून दाखवायला नको. ती बाहेर आली की मला समजेल.

तुझ्यावर जीव टाकणारी, पण या खेपेला तिच्या बाजूची,
तुझी आई