मान डोलावणारा परग्रहवासी

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे?

थिएटर झाडता झाडता परग्रहावरच्यांचे एवढे सिनेमे पाहतेस, त्यातला खरा कुठला वाटतो, असं तुम्ही विचारलंत. ज्यात ते उतरल्या उतरल्या आपल्या भाषेत भाषणं ठोकतात, ते सिनेमे निव्वळ थापा. मला एकच पटला. त्यातला बिचारा कुणी काहीही विचारलं की नुसती मान डोलावतो.

इथली भाषा कळेना, म्हणून मीही महिनाभर तेच केलं. तिकीटवाल्या मावशी रोज दुपारी काहीतरी विचारायच्या, मी मान डोलवायचे. परवा उमगलं, त्या 'जेवलीस का' विचारत होत्या. मग पहिल्यांदाच 'नाही' म्हणाले. त्यांनी अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला.

आता मी दुपारी पोटभर जेवते. आईला एवढंच वाक्य वाचून दाखवा.

तुमची थोरली