कापसाच्या खोलीतली रग्बी

बाबा, काल मारेगावच्या मैदानावर तुमची नात रग्बी खेळली. आई माझ्या शेजारी बसली होती. तुमच्यानंतर या खेळाचं नाव तिनं घरात काढू दिलं नव्हतं, आणि काल ती आली ती पोरीला संघातून काढून घरी न्यायलाच. खरं तर माझंही मन तिच्याच बाजूचं होतं.

फौजेच्या संघातून थेट देशाकडून खेळून तुम्ही सुट्टीवर आलात, तेव्हा गावाला वाटलं कबड्डीच असेल. समजावण्याच्या भानगडीत तुम्ही पडला नाहीत. उशीच्या अभ्र्यात कापूस कोंबून लांबट चेंडू केलात आणि मला घेऊन कापसाच्या खोलीत शिरलात. चांगल्या बाजारभावाची वाट बघत आढ्याला टेकलेला तो कापसाचा ढीग, आणि तुम्ही सांगताय, "धावणं तं साऱ्याइले येते, बेटा. तू आधी पडणं शिक." हनुवटी आत, अंग कुशीवर, चेंडू छातीशी. मी पडतेय, उठतेय, अंगभर खाजवतेय. आई पिठाच्या हातांनी दारात येते, "कापूस कायले मळवून राह्यले तुमी दोघं?" सुट्टी संपून निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, की आपला गडी खाली पडला तर पुढे पळायचं नसतं, मागे येऊन त्याच्या पुढ्यात उभं राहायचं.

मग लढाई झाली. तुम्ही परत आला नाहीत; तुमच्या तुकडीतला उमरखेडचा जवान लंगडत आपल्या घरी सांगायला आला. तो जखमी होऊन उघड्यावर पडला होता आणि तुम्ही त्याच्यासाठी मागे फिरलात. आईनं एकच विचारलं, "पडले कसे ते?"

"कुशीवर, वहिनी. मले छातीशी धरून."

तुमच्याएवढं मोठं माणूस आपल्या घरात पिठल्याला नावं ठेवत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

काल पोरीची सोबतीण पडली. समोरून धिप्पाड मुली धावून आल्या. पोर निसटू शकली असती. ती मागे फिरली आणि पाय रोवून उभी राहिली. तिच्या सरांनी शिकवलं असेल, पण मला कापसाची खोली आठवली. मग धक्क्यानं ती आडवी झाली, हात टेकून, अगदी चुकीच्या पद्धतीनं.

"पडणं येत नाही तिले," आई म्हणाली. "कापूस घरात हाये तोवर शिकव."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. मला ते पडणं अजून येतं. दरवर्षी खोली भरली की दार लोटून मी एकदा पडून बघते, आणि तुम्ही 'उठ' म्हणाल म्हणून थोडा वेळ तशीच राहते.